रस्त्याला पाजलेली नदी

"उघड कॉक. सगळं सांडू दे," फाटकावरचा रखवालदार म्हणाला.

टँकरवाल्याने खाली उतरून मागचा कॉक उघडला. टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी भसाभसा गटारात गेलं. कोळशाच्या खाणीचा तसा नियमच होता, बाहेर जाणारा टँकर रिकामा पाहिजे. न जाणो, कुणी चार घोट घरी नेले तर? पाणी नदीचं होतं, पण खाणीच्या पंपातून वर आलं की ते कंपनीचं होई. मग ते गटारात गेलेलं चाले, कुणाच्या घशात गेलेलं चालत नसे. चोरी होऊ नये म्हणून, असं रखवालदार सांगे. मुळात चोरी कुणी केली, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

वस्तीतली पोरं टँकरवाल्याला पाऊसवाला म्हणत. खाणीच्या आवारातच नदीवरच्या पंपाशी टँकर भरायचा आणि खाणीतल्या रस्त्यावर शिंपडत जायचं, म्हणजे ट्रकांमागे धुरळा उठत नाही. टोकाला जाऊन वळेपर्यंत मागचा रस्ता वाळलेला असे. मग पुन्हा नदी. सुरुवातीला त्याला या कामाचं कौतुक होतं, लोकांचा खोकला तरी कमी होईल असं वाटे. पण खाण वाढली, कोळसा धुवायला आणखी पाणी लागू लागलं, आणि पंपाला कमी पडू नये म्हणून कंपनीने नदीत वाळूच्या पोत्यांचा बांध घातला. बांधाखाली जे उरलं, त्याला नदी म्हणायचं म्हणजे थट्टाच होती.

आणि बांधाखालीच त्याच्या ताईचा धुण्याचा दगड होता. दवाखान्याच्या चादरी त्या दगडावर धुऊन तिने या आईवेगळ्या भावाला वाढवलं होतं. त्याचं गाडीचं लायसन्सही त्याच कमाईतलं. रोज रिकामा टँकर घेऊन तो जेवायला तिच्याकडेच जाई.

आज ती दारातच बसली होती. शेजारी मळक्या चादरींचं गाठोडं तसंच बांधलेलं.

"मोठ्या सिस्टरनी सांगितलंय," ती म्हणाली. "आज संध्याकाळी चादरी पांढऱ्या आल्या नाहीत, तर उद्यापासून काम दुसऱ्याला."

"हातपंपावर धुऊन बघ ना."

"तिथं एका कळशीसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. मी हे गाठोडं घेऊन गेले, तर मलाच धुऊन काढतील."

तो हसला नाही. "आज खाणीवर पाहुणे येणार आहेत. साहेबांनी रस्ता दोनदा भिजवायला सांगितलाय."

"पाहुण्यांना काय दाखवणार?"

"कंपनी पाणी कसं वाचवते ते."

ताई मात्र मनापासून हसली, पदर तोंडाला लावून. ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. ती रडली असती तर तो समजूत घालून कामावर गेला असता. आता त्याने अर्धं ताट तसंच बाजूला सारलं.

"चादरी घेऊन फाटकाशी ये," तो उठत म्हणाला. "साबण आण. टब आण."

"गटारात धुऊ?"

"गटारात पडायच्या आधी."

दुपारी त्याने टँकर काठोकाठ भरला. पाहुणे यायची वेळ झाली होती. सुपरवायझरने लांबूनच हात करून रस्ता दाखवला. त्याने मान डोलावली आणि गाडी सरळ फाटकाकडे घेतली. एक थेंबही न शिंपडता.

"अरे, हा तर भरलेला आहे," रखवालदार म्हणाला.

"हो ना. नियम आहे. रिकामा करूनच बाहेर जायचं."

त्याने कॉक उघडला. ताईने टब पुढे सरकवला. रखवालदार तोंड उघडून बघत राहिला, कारण नियमात कुठे बोट ठेवावं हेच त्याला कळेना. तोवर वस्तीतल्या बायका कळशा घेऊन धावत आल्या. ताईने गुडघ्यावर बसून चादरी खंगाळल्या, पिळल्या आणि कुंपणाच्या तारेवर ओळीने टाकल्या. कित्येक दिवसांनी ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. भाऊ नुसता उभा राहून बघत होता. त्या चादरी इतक्या पांढऱ्या दिसत होत्या, की त्याला उगाचच आपण काहीतरी जिंकलो असं वाटलं.

सुपरवायझर धापा टाकत आला. "रस्ता कोण भिजवणार, तुझा बाप? चावी दे."

त्याने चावी दिली. उद्यापासून येऊ नकोस, हे सुपरवायझर बोलेपर्यंत तो थांबलाही नाही.

मग पाहुण्यांच्या गाड्या आल्या. काचा वर केलेल्या, एकामागून एक, त्या कोरड्या रस्त्याने आत गेल्या. पाठोपाठ कोळशाचे ट्रक सुटले. धुरळा उठला तो कुंपणावरून सरळ बाहेर आला. ओल्या चादरींवर कोळशाची भुकटी बसली आणि जागीच चिकटली. भावाने धावत जाऊन एक चादर झटकली. काळे ओघळ आणखी लांब झाले.

टाकी रिकामी झाली होती. गटारही.

"माझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला. "रस्ता भिजवला असता तर..."

"गप. रस्ता भिजवला असतास तर धुतल्या कशात असत्या मी?" ताईने तारेवरची पहिली चादर उतरवली. "धर ते टोक."

लहानपणी धरायचा तसं त्याने टोक धरलं. दोघं समोरासमोर आली, मागे गेली, पुन्हा समोर आली. दवाखान्याला लागते तशी काटेकोर घडी. कोपऱ्याला कोपरा.

"अशाच देणार?" त्याने विचारलं.

"अशाच. त्या दवाखान्यातही नळाला पाणी याच नदीचं येतं. बघू दे त्यांना, नदी कुठं गेली ते."

सगळ्या घड्या एकावर एक रचून तिने गठ्ठा डोक्यावर घेतला आणि ती दवाखान्याच्या वाटेला लागली. तो मागून चालत होता. सगळ्यात वरची चादर पार काळवंडली होती. घडी घालताना ताईचे ओले हात जिथे टेकले होते, तिथली भुकटी हातांना लागून तेवढी जागा मात्र पांढरी झाली होती.