फक्त तुम्हाला दिसेल

तिने फोन सुपरवायझर बाईंच्या टेबलावर असा आपटला, की कपातला चमचा वाजला.

"गुरुवारी मला सकाळची ड्युटी? आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून तीन आठवडे आधी लिहिलंय मी. वाचायचे कष्ट तरी घ्या!"

"कुठे लिहिलंस?"

"कुठे म्हणजे? ॲपमध्ये. तारखेच्या चौकोनात."

बाईंनी चष्मा लावून फोन हातात घेतला, मग आपला संगणक तिच्याकडे वळवला. इस्पितळाच्या लाँड्रीतल्या बारा जणींची नावं एकाखाली एक होती. तिच्या नावापुढचा गुरुवार कोरा होता.

"तू लिहिलंस ते वैयक्तिक कॅलेंडर. बघ, खाली बारीक अक्षरांत आहे, फक्त तुम्हाला दिसेल. रजेचं बटण वेगळं असतं गं."

"चिठ्ठ्या बंद, काय असेल ते यात लिहा, असं कोण म्हणालं होतं? अर्ध्या तासात बारा जणींना शिकवून मोकळ्या झालात!"

बाई पुन्हा संगणकाकडे वळल्या. ते पाहून ती आणखीच भडकली. आपला फोन ओढून घेऊन अंगठ्याने महिने मागे ढकलत तिने एक चौकोन उघडला.

"आणि हे?"

'बाबा गेले. चार दिवस येणार नाही.'

"एवढं लिहून गेले होते मी. परत आले तर हातात मेमो, न सांगता गैरहजर! आणि तोंडातून एक शब्द नाही तुमच्या."

बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"वडील गेले तुझे?"

वर्षभर ती बाईंशी कामापुरतं बोलली होती. समोरून येताना दिसल्या, तर जिना बदलायची. हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर ती रडली असती. आता तो नुसता टेबलावर पडून राहिला.

"गुरुवारचं मी बघते," बाई हळूच म्हणाल्या. "आणि तो मेमो..."

"ठेवा तुमच्याकडेच."

फोन उचलून ती तीन जिने तणतणत उतरली.

खाली लाँड्रीत वयस्कर मावशी वाफेच्या इस्त्रीपाशी उभ्या होत्या, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या एका बोटाने फोनवर, ॲपच्या त्याच चौकोनांत, लिहीत बसायच्या. 'गुडघे फार दुखतात. घड्या घालायचं बसून काम द्यावं, ही विनंती.' बाकीच्या जणी चिडवायच्या, "मावशी, कादंबरी कुठवर आली?" त्यावर मावशींचं ठरलेलं उत्तर असे, "वाचतात गं बाई. त्यांना काय आपलं एकटीचंच आहे?"

"काय म्हणाल्या?" मावशींनी उत्सुकतेने विचारलं. "माझ्याबद्दल काही निघालं का?"

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. कपड्यांची रिकामी पेटी पायाने ओढून उलटी केली.

"बसा."

"अगं, बाईंनी पाहिलं तर?"

"पाहू देत. बसा आधी. आणि तुमचा फोन काढा. अगदी पहिल्या दिवसापासूनचं उघडा."

मावशी बिचकत टेकल्या आणि ॲप्रनला फोन पुसू लागल्या. तिने स्वतःच्या फोनवरून वरचा नंबर लावला.

"बाई, खाली या," ती म्हणाली. "चष्मा घेऊन या."