बघितलं की गप्प होणारं मशीन

माझ्या बायकोच्या, सेर्वाच्या अंत्यविधीला वाटायची फोटो आणि श्रद्धांजल्यांची पुस्तिका सेर्वाच्याच मशीनवर, तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर करायची, हे मी ठरवलं होतं. घानातल्या आमच्या कुमासी शहरातल्या कितीतरी मेलेल्यांच्या पुस्तिका तिनं आमच्या याच छपाईच्या दुकानात केल्या. तिची दुसऱ्याकडून कशी करून घ्यायची? शनिवारी दफन होतं आणि मशीन एक फोटो उघडायलाही ताटकळत ठेवत होतं.

तिचा धाकटा भाऊ याव ड्वोमो दारात उभा राहून म्हणाला की मशीन म्हातारं झालंय, आमच्या घराण्याकडे द्या, मी विकून टाकतो. आमच्यात बायकोच्या वस्तूंवर तिच्या आईच्या घराण्याचा हक्क असतो. तो मला मान्य आहे. पण पुस्तिकेआधी नाही.

स्क्रीनवर काहीच उघडलेलं नव्हतं, तरी आतला पंखा घोंघावत होता. अशा वेळी सेर्वा प्रोसेसरचा आलेख बघायची. तीन कळा एकदम दाबल्या की मशीन किती राबतंय ते दिसतं. मी दाबल्या. रेघ शंभर टक्क्यांना टेकलेली दिसली आणि लगेच पार तळाला गेली. पंखा शांत. आलेख बंद केला, पंखा पुन्हा सुरू. उघडला, गप्प. आत काहीतरी होतं, आणि कोणी बघतंय हे त्याला कळत होतं.

या मशीनला सेर्वाखेरीज फक्त यावचा हात लागायचा. ती आजारी पडल्यापासून तो मशीनच्या साफसफाईच्या नावाखाली यायचा. मी विचारलं तेव्हा तो आधी हसला.

"त्यात काय एवढं, दाजी. मी टाकलेला प्रोग्रॅम आहे तो, इंटरनेटवरची नाणी बनवतो, ती विकून चार पैसे मिळतात. मशीन रिकामंच तर पडलेलं असायचं."

"रिकामं? ती अंगात ताप घेऊन इथं बसायची. एकेका पानासाठी खोळंबायची. मला म्हणायची, मशीनही माझ्यासारखंच दमलंय."

"ताईला त्रास होतोय हे मला काय माहीत?"

"माहीत होतं. म्हणूनच बघितल्यावर गप्प बसणारं घातलंस."

तो आता काढतो म्हणाला, पण पुस्तिका होईपर्यंत मी त्याला आतल्या कशालाच हात लावू दिला नाही. आलेख स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडाच ठेवला आणि त्याला खुर्चीत बसवलं. पुस्तिकेत भावाच्या श्रद्धांजलीचं पान कोरं होतं.

"लिही."

त्यानं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मध्येच उठू लागला.

"बस. मशीन शनिवारनंतर ने. आज मी बघतोय."

तो बसला. रेघ तळालाच राहिली. त्याचं लिहून झालं तशी पुस्तिकेची पानं भराभर छापून निघू लागली, सेर्वा धडधाकट असताना निघायची तशी.