शेवटचा घोट

मी एक चांदीचा प्याला बोलतोय. फुलंब्रीच्या अलीकडे एका वस्तीत पत्र्याचं छप्पर असलेलं लहानसं ख्रिस्ती देऊळ आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे येशूच्या आठवणीचं प्रभुभोजन होई आणि सगळी मंडळी माझ्यातून पीत असे. चाळीस-पन्नास माणसांचे ओठ माझ्या एकाच कडेला लागत. ओठांवरून मी माणूस ओळखतो असं नाही, पण घाबरलेला हात मला लगेच कळतो. ज्या हातांत मी सर्वांत जास्त वर्षं राहिलो, ते हात घाबरलेले होते.

माझा जन्म पोलीस ॲक्शननंतर पाच-सहा वर्षांनी सराफ्यातल्या एका दुकानात झाला. निजामाचे हाली रुपये तेव्हा चलनातून जात होते. वस्तीतल्या लोकांनी गाडग्यातून ते रुपये काढले, बायांनी लेकरांच्या पायांतले वाळे काढले. देवळाचे पाळक शांतवन साळवे यांनी ते सगळं फडक्यात बांधून सायकलवर शहरात आणलं. त्यांच्या पत्नी रूथबाई यांनी स्वतःचे तोडे त्यात घातले होते.

वैजनाथ सोनारांनी आजवर समया आणि पंचपात्र्या घडवल्या होत्या. त्यांनी कागदावरचं माझं चित्र उलटसुलट पाहिलं.

"पाळकसाहेब, एवढा उंच पेला कशाला? ताक प्यायचंय का?"

"सगळ्यांनी मिळून प्यायचा आहे."

"सगळ्यांनी? एकाच पेल्यातून?" सोनारांनी चित्रातल्या दांड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तर मग दांडा जाड करतो. लई हात लागतील."

माझं काम सोपं होतं. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून काढलेला रस माझ्यात ओतला जाई. पाळक त्यावर प्रार्थना करत आणि पहिला घोट घेत. मग पुरुष वेदीपुढच्या कठड्याशी येऊन गुडघे टेकत, त्यांच्यानंतर बाया. प्रत्येकाचं पिऊन झालं की पाळक पांढऱ्या फडक्याने माझी कड पुसत आणि मला बोटभर फिरवत. यात एक नियम होता. प्रार्थना केलेला रस उरला तर तो फेकायचा नाही. सगळ्यांच्या शेवटी पाळकाने तो पिऊन प्याला रिकामा करायचा. शेवटचा घोट पाळकाचा. पुढे सगळं या नियमाशीच येऊन अडलं.

एरवी मी शहरातल्या छावणीत, पाळकांच्या घरी, फळीवरच्या लाकडी पेटीत असे. त्यामुळे रूथबाईंचा आजार मी जवळून पाहिला. त्यांना क्षय झाला होता. डॉक्टरांनी भांडी वेगळी ठेवायला सांगितली, म्हणून पाळकांनी त्यांच्या पितळी पेल्याला लाल दोरा बांधला. तेवढं योग्यच होतं. पण भीती सांगितलेल्या जागी थांबत नाही. आधी ते रूथबाईंच्या शेजारी बसून जेवत. मग दारात बसून जेवू लागले, नंतर पडवीत. शेवटच्या महिन्यात पाणी देताना ते पेला जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरकत.

एकदा रूथबाई म्हणाल्या, "अहो, हातात द्या ना. मी तोंड फिरवून घेते."

त्यांनी दिला नाही. त्यानंतर आठच दिवसांनी रूथबाई गेल्या.

पुढे पाळक मला घासायचे ते पाहण्यासारखं होतं. आधी चिंच, मग राख, मग उकळतं पाणी. माझ्या दांड्यावरची नक्षी झिजून गेली. मंडळी म्हणत, आमचे पाळक प्याला किती निगुतीनं सांभाळतात. रसही ते मोजूनमापून भरू लागले, म्हणजे शेवटी जेमतेम थेंबभर उरावा. तो थेंब पिताना ते डोळे मिटत. लोकांना ती भक्ती वाटे.

अशी चार वर्षं गेली आणि दगडाबाई परत आली.

तिला रक्तपिती झाली होती. महारोग्यांच्या दवाखान्यात सहा वर्षं काढून, बरी होऊन ती वस्तीत आली. डाव्या हाताची बोटं आत वळलेली होती, तेवढी खूण राहिली होती. उपासना संपल्यावर ती देवळाच्या पायरीपाशी उभी राहिली. तिने पदराच्या गाठीतून चार घड्यांचा कागद काढला.

"पाळकसाहेब, डाक्टरचा कागद हाये. रोग गेला म्हणून सही केलीया. पुढल्या महिन्यात म्या प्याल्याला येऊ ना?"

पाळकांनी कागद हातात न घेताच वाचला. "पंचांना विचारून सांगतो," ते म्हणाले.

देवळातच बैठक भरली. मी टेबलावरच होतो. कारभारी हे पंचांतले सर्वांत वयस्कर. ते काही बोलायच्या आत त्यांच्या वहिनी लक्ष्मीबाई मागून बोलल्या, "प्रभूनं महारोग्याला हात लावला, ते खरं. पण प्रभूच्या घरात लेकरं नव्हती."

"वहिनी, जरा थांबा," कारभारी म्हणाले.

"थांबते की. पर तिच्यामागं पिणार कोण ते आधी सांगा. तुमी पिता का, भाऊजी?"

कारभाऱ्यांनी तोड काढली. "मग असं करू. बाईला नाय म्हणायचं नाय. तिला सगळ्यात शेवटी येऊ द्या. तिच्यामागं कुणी नाय, मग कुणाला भ्या नाय."

सगळ्यांना पटलं. पाळकांनाही पटलं, उलट सुटल्यासारखं होऊन तेच आधी "ठीक आहे" म्हणाले. दगडाबाईच्या मागे कुणी नाही, असं त्या बैठकीत प्रत्येकाने धरलं. तिच्यामागे पाळक होते, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आलं ते पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मला घासताना. त्यांचा हात थांबला आणि मी पाण्यात पडलो.

त्या रविवारी दगडाबाई शेवटी आली. वळलेल्या बोटांत मला धरता येईना, म्हणून पाळकांनी दांडा धरला आणि तिने तळहात खाली लावला. तिने लहानसा घोट घेतला. नेमके त्या दिवशी चारजण आलेच नव्हते, त्यामुळे माझ्यात बोटभर रस उरला होता. पाळकांनी माझ्यावर फडकं टाकलं, शेवटची प्रार्थना घाईने उरकली आणि लोक बाहेर पडत असताना मला घेऊन ते मागच्या दाराने गेले. भिंतीच्या कडेला त्यांनी मला उपडं केलं. माती लगेच काळी झाली.

मान वर केली तर दगडाबाई समोर. ती त्याच वाटेने घरी जात असे.

"सांडलं का, पाळकसाहेब?"

"हो," पाळक म्हणाले. "हात थरथरला."

"व्हय. होतं तसं," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणी तिचं नाव काढलं नाही. माझ्यात पुन्हा थेंबभर रस उरू लागला, पण आता पाळकांना तोही गिळवेना.

एका दुपारी ते पेटी सायकलला बांधून वस्तीच्या टोकाला तिच्या खोपटाशी गेले. दगडाबाई तूर पाखडत होती. त्यांना बसायला तिने पोतं टाकलं आणि स्वतः लांब बसली.

"दगडाबाई, त्या दिवशी सांडलं नव्हतं. मी ओतलं."

"ठाव हाये मला."

"मला भीती वाटली. मी पाळक आहे, तरी वाटली. माझी बायको क्षयानं गेली. तिला मी शेवटी पाणीसुद्धा हातात दिलं नाही." ते थांबले. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

दगडाबाईने सूप खाली ठेवलं.

"मलाबी भ्या वाटायचं," ती म्हणाली. "दवाखान्यात पहिल्या दिवशी म्या दुसऱ्या बायांच्या ताटाला शिवले नाय. मलाच रोग होता आन् मीच त्यांना भ्यायची. हसू येतं आता."

पाळकांनी पेटी उघडली. "मी तुमच्यासाठी इथंच घेऊन आलोय. आपण दोघं प्रार्थना करू. तुम्ही प्या, तुमच्यामागे मी पितो."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"घरी येऊन कुणाला देता तुमी?"

"आजारी माणसाला."

"मग मला कामून? म्या आजारी नाय. कागद हाये माह्यापाशी." ती चिडली नव्हती. "इथं कुणी बघत नाय, म्हणून तुमची छाती झाली, पाळकसाहेब. देवळात प्या, म्हंजी मी येते."

त्यांनी पेटी बंद केली. घरी आल्यावर त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि समोर गुडघे टेकले. मी त्यांच्या पुष्कळ प्रार्थना ऐकल्या आहेत. त्या नेहमी सुरेल असत. ही अडखळत होती.

"प्रभू, मला रोग होणार नाही असं वचन मी मागत नाही. रूथलाही तू तसं दिलं नव्हतंस. मी तिच्यापासून मागे सरकलो तेव्हा तू तिच्याजवळ होतास, असा माझा विश्वास आहे. तो नसता तर मी जगलो नसतो. मला काही झालंच, तर माझ्याजवळही राहा. एवढ्यावर मी पिईन. भीती जायची वाट बघत बसलो, तर मरेपर्यंत पिणार नाही."

मला त्यांनी त्या दिवशी घासलं नाही.

पाळकांनी दगडाबाईला निरोप धाडला होता, म्हणून पहिल्या रविवारी ती येणार हे वस्तीत कळलं होतं. कितीतरी जण कठड्याशी आलेच नाहीत, जागेवर मान खाली घालून बसले. दगडाबाई शेवटी आली, प्याली आणि तिथेच गुडघ्यांवर राहिली. मी अर्ध्याहून जास्त भरलेला होतो. पाळक मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी फडक्याने माझी कड पुसली, पण मला फिरवलं नाही. जिथे तिचे ओठ लागले होते तिथेच त्यांनी ओठ लावले. त्यांचे दात माझ्यावर वाजले. एका दमात जमलं नाही. दोनदा थांबून त्यांनी तो सगळा रस संपवला. डोळे उघडे होते.

दगडाबाई उठली आणि जागेवर जाऊन बसली.

यानंतर त्यांची भीती गेली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. कित्येक महिने ते सकाळी उजेडात हात धरून चट्टा आहे का ते पाहत. बधिर झालं नाही ना, म्हणून बोटाला सुई टोचून पाहत. पण पुढच्या महिन्यात ते पुन्हा प्याले, त्याच्या पुढच्याही. भीती आणि ते अशी दोघं बरोबर सायकलवरून वस्तीला जात, आणि ती त्यांना वाटेतून परत फिरवू शकत नसे.

सहाव्या की सातव्या महिन्यात बायांची रांग संपत आली, तेव्हा लक्ष्मीबाई उठल्याच नाहीत. दगडाबाई त्या उठायची वाट पाहत होती.

"हो पुढं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "माझे गुडघे धरलेत. तुझ्यामागून येते."

पाळकांनी कड पुसली, मला बोटभर फिरवलं आणि लक्ष्मीबाईंसमोर धरलं. लक्ष्मीबाईंनी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्या प्याल्या.

आता दगडाबाई नाही, पाळकही नाहीत. ते सत्त्याहत्तराव्या वर्षी म्हातारपणाने गेले. देवळात हल्ली लाकडी तबकातून लहान लहान काचेचे पेले फिरतात, ज्याचा त्याला. त्यात गैर काही नाही. रोगराई खरी असते, हे मी फार जवळून पाहिलं आहे. मी कपाटात आहे आणि काळा पडलो आहे. मला बाहेर काढा असं माझं म्हणणं नाही.

मागणं एवढंच आहे. तुमच्या मंडळीत कुणी नेहमी सगळ्यांच्या मागे बसत असेल, तर ती जागा त्याला आवडते म्हणून तो तिथे बसतो की तुम्ही त्याला दिली म्हणून, हे एकदा त्याच्या शेजारी जाऊन विचारा. जाताना पाय थरथरले तर थरथरू द्या.