खालच्या खणातली सतरा नंबरची कुपी

मी एक जुना फ्रीजर आहे. आइस्क्रीमचा नव्हे हं, मित्रांनो! माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असायची आणि त्या थंडीत माणसांचं रक्त जपलेलं असायचं. आता मी प्रयोगशाळेच्या बोळात वायर गुंडाळून उभा आहे. पोट रिकामं आहे, तरी आत कुप्या खुळखुळल्याचा भास होतो.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! आमच्या संशोधक बाई सकाळी आधी माझ्या तापमानाचा आकडा बघायच्या, मग चहा घ्यायच्या. नदीवर रंगाचा कारखाना सुरू होण्याआधीच त्यांनी काठच्या वस्तीतल्या एकेचाळीस मुलांचं रक्त घेऊन ठेवलं होतं. पाण्यातून विष मुलांच्या अंगात उतरतंय का, हे त्यांना शोधायचं होतं. पुढेही दरवर्षी रक्त घ्यायचं आणि पाच वर्षांच्या कुप्या एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तपासायच्या, म्हणजे तुलना चोख होते. तिसऱ्या वर्षी त्यातली एक मुलगी आजारी पडून गेली. तिची सतरा नंबरची कुपी माझ्या खालच्या खणात राहिली. मी तिला जिवापाड जपलं.

दार जरा उघडं राहिलं की माझा भोंगा किंचाळायचा. सगळे वैतागायचे. एकदा बाईच म्हणाल्या, "तात्या, याची कटकट बंद करा हो!" तात्या म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. त्यांनी भोंग्याची तार काढून टाकली. नंतर ती जोडायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात सलग चार सुट्ट्या आल्या आणि माझा कॉम्प्रेसर बंद पडला. बर्फाचा पहिला थेंब पडला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. एकेक खण वितळत गेला. मला ओरडायचं होतं हो! पण माझं तोंड बांधलेलं होतं.

सुट्टीनंतर बाईंनी दार उघडलं, तर एकूणएक कुपीतलं रक्त नासलेलं होतं.

"माझंच चुकलं," तात्या म्हणाले.

"नाही तात्या, सांगितलं मीच होतं. मुलांचं आजचं रक्त आज मिळेल. कारखान्याआधीचं कुठून आणू?"

चार दिवसांनी त्या मुलीची आई आली. "माझ्या पोरीचं काय निघालं, बाई?"

बाईंनी काहीही लपवलं नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या दारावर तळवा टेकवला. "इथंच होती ना ती?"

बाईंनी मान हलवली.

"मला वाटायचं, तेवढी तरी शिल्लक आहे," ती म्हणाली आणि गेली.

मित्रांनो, कारखान्याचं पाणी आजही नदीत सुटतं, कारण पुरावाच उरला नाही. एखादं यंत्र ओरडलं तर वैतागा, चार शिव्या घाला, पण त्याचं तोंड बांधू नका. आधी उठून बघा, ते कुणासाठी ओरडतंय.