शनी आडवा आला

दातांच्या डॉक्टरणीला हरवणार कोण, यावर त्या वर्षी घरोघरी वाद रंगत. टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक निघाला की सूत्रसंचालकाला "जरा मोठ्याने" म्हणावं लागलं. उत्तरं मात्र ठणठणीत होती. तेव्हापासून भलेभले आले आणि हात चोळत परत गेले. दवाखान्यात धडधाकट दातांची माणसंसुद्धा तपासणीच्या निमित्ताने तिला बघून जाऊ लागली.

तिला घडवलं थोरल्या भावानं. शाळेत असल्यापासून तो तिला प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. जेवताना, जिना चढताना, ती ब्रश तोंडात धरून उभी असतानासुद्धा! "येत असेल तर थांबायचं नाही, येत नसेल तर तोंड उघडायचं नाही," हा त्याचा एकच धडा. तिच्या प्रत्येक विजयानंतर गल्लीत छाती फुगवून फिरायचा तोही तोच.

वर्षाची अंतिम फेरी आली. समोर एक विमा एजंट होता. उंच, किडकिडीत, बोलायला इतका मऊ की बझर दाबतानाही माफी मागेल असं वाटावं. पण गडी चिवट निघाला. ती एक पाऊल पुढे गेली की तो दुसऱ्याच प्रश्नाला बरोबरीत येई. दिव्यांच्या झळांनी तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. पहिल्या रांगेत दादा गुडघे घट्ट आवळून बसला होता.

शेवटचा प्रश्न उरला, आणि गुण समसमान.

"आपल्या सूर्यमालेत सर्वाधिक ज्ञात चंद्र कोणत्या ग्रहाला आहेत?"

एजंटाचा बझर तिच्याआधी वाजला, अगदी केसभर आधी.

"शनी."

सूत्रसंचालकाने हातातलं कार्ड पाहिलं, चेहरा पाडला. "अरेरे! चूक."

फलकावर एजंटाचे गुण उतरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा अर्धवट उठलाच. डॉक्टरीण मात्र जागच्या जागी थिजली. शनीच तर! कार्ड जुनं होतं. कधीकाळी हा मान गुरूकडे होता, आणि कुणीतरी तेच तसंच उतरवून ठेवलं होतं.

"ताई, प्रश्न तुमच्याकडे. उत्तर द्या, नाहीतर पास म्हणा. पास म्हणालात तरी विजेत्या तुम्हीच!"

म्हणजे खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की झालं. तिने एजंटाकडे पाहिलं. तो मान खाली घालून पुटपुटत होता, "कसं काय चुकलं... कसं काय..." आपलं बरोबर होतं हेच त्याला आता खरं वाटेनासं झालं होतं. घड्याळाची टिकटिक सुरू झाली. दादा ओठांनीच सांगत होता: पास. पास म्हण.

तिने तोंड उघडलं. 'पास' हा शब्द जिभेवर आला, पण जीभ रेटेना. येत असलेल्या प्रश्नाला ती जन्मात पास म्हणाली नव्हती.

"शनी," ती म्हणाली.

सूत्रसंचालक हसला. "ताई, हे उत्तर आत्ताच चूक ठरलंय."

"उत्तर चूक नाही. तुमचं कार्ड चूक आहे."

कॅमेरे थांबले. निर्मातीबाई कानातलं यंत्र उपसत तरातरा आल्या. "बाई, जिंकल्या होतात तुम्ही! हे काय आरंभलंय?"

"तपासून घ्या."

तपासायला गेलेली माणसं लवकर परतेनात. दादा मंचाच्या कडेशी आला आणि दात आवळून म्हणाला, "हातातोंडाशी आलेला घास घालवलास! कुणी विचारलं होतं तुला?"

"त्यांनीच विचारलं होतं, दादा. प्रश्न होता तो."

"डोकं फिरलंय तुझं."

एजंट अवघडून जवळ आला. "ताई, जाऊ द्या ना. माझंच चुकलं असेल."

"नाही चुकलं!" ती त्याच्यावरच खेकसली. हरायची तिला सवयच नव्हती, आणि आता हार समोरून चालत येताना दिसत होती.

आलीच ती. शनी बरोबर ठरला. आधी बोलला तो एजंट, म्हणून विजेताही तोच. त्याने करंडक उचलला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत दादा घर येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिला.

खरा घाव पुढेच होता. कार्यक्रम दाखवला तेव्हा कार्डाचा सगळा घोळ कापलेला होता. एजंट म्हणाला "शनी", सूत्रसंचालक म्हणाला "बरोब्बर!", आणि डॉक्टरीण खुळ्यासारखी बघत उभी. लोकांनी पाहिलं ते एवढंच.

मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. "शनी आडवा आला म्हणायचा!" "इतकं सोपं येऊ नये?" ती हसून सोडून द्यायची. सांगायचं तरी कुणाकुणाला, आणि सांगितलं तर पटणार कुणाला? हरल्यावर सगळेच कारणं सांगतात. रात्रीपेक्षा दिवस कठीण जात होते. दादा यायचा, चहा घ्यायचा, तिच्याकडे न बघता निघून जायचा.

एकदा तो असाच दवाखान्यात येऊन बसला होता. दाढ दाखवायला आलेले एक गृहस्थ खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "डॉक्टर, आमच्या नातीलासुद्धा येत होता हो तो प्रश्न!"

"हिलाही येत होता!" दादा ताडकन उठला. आवाज इतका चढला की बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. "नुसती गप्प बसली असती तर जिंकली होती! त्या एजंटाचं बरोबर उत्तर कार्यक्रमवाल्यांनी चूक ठरवलं, आणि हिनं भांडून ते बरोबर ठरवून घेतलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला! मी होतो तिथे. मीच हिला गप्प राहा म्हणत होतो."

शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज चिरकला. गृहस्थ आ वासून बघत राहिले.

डॉक्टरणीचे डोळे भरून आले होते आणि हातात मोजे असल्यामुळे पुसताही येत नव्हते. दादा पुढे झाला, खिशातला रुमाल काढला आणि तिचा चेहरा त्यानेच पुसला.

"बस," ती हळूच म्हणाली. "पेशंट खोळंबलेत. चहा सांगते तुला."

"सांग," तो म्हणाला, आणि एक स्टूल ओढून तिच्या समोरच बसला.