मामाचं ताट

सहा आठवडे झाले मी ज्वारीची आंबट उकड शिजवते आहे, आणि सहा आठवडे घरात कुणी माझ्याकडे माणसासारखं बघितलेलं नाही. लेक गोराता चौदा वर्षांची. ताटातली रानभाजी बघून म्हणते, "आई, आपण काय शेळ्या आहोत का?" आणि तिचे बाबा, म्हणजे आमचे हे, खो खो हसतात. हसा! पाय कुणाचा जाणार आहे?

हिवाळ्यात ह्यांच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली आणि दवाखान्यात ती कापून टाकली. साखर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाणं बदललं नाही तर पुढच्या खेपेला पाय घोट्यापासून काढावा लागेल. टॅक्सी चालवणारा माणूस, क्लच कशाने दाबणार? ह्यांनी टॅक्सीतळावर आणि सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकलं की जॅक निसटून बोटावर पडला. साखरेच्या माणसाच्या हातात गाडी कोण देतो, म्हणाले. मीही गप्प बसले.

आमचं घर कोट्यावर पोसलेलं. कोटा म्हणजे पावाचा चतकोर पोखरायचा, त्यात तळलेले बटाटे, लालभडक सॉसेज, चीज आणि वर आंब्याचं लोणचं कोंबायचं. सोबत दोन लिटरची थंड बाटली. मलाही आवडायचा हो, खोटं कशाला बोलू? दिवसभर इस्पितळाच्या चादरी धुऊन आल्यावर कोपऱ्यावरून तीन कोटे आणले की चूल नाही, भांडी नाहीत. आता पहाटे उठून भाजी निवडते, डबा भरते, आणि संध्याकाळी ह्यांच्या सीटखाली तेलकट कागद सापडतो.

"प्रवाशाचा असेल," म्हणतात.

"प्रवासी काय ड्रायव्हरच्या मांडीवर बसतात?"

एकदा ताट सरकवून म्हणाले, "ही उकड पुन्हा खावी लागू नये म्हणून मी सोळाव्या वर्षी घर सोडलं. कळतं का तुला?"

कळतं. मीही तीच खाऊन वाढले. ताट तसंच झाकून ठेवलं.

मग बसेत्साना वन्संकडचा कार्यक्रम आला. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांच्या लेकीला मागणी घालून मुलाकडच्यांनी देज म्हणून गुरं आणली, त्याचं जेवण होतं. आमच्याकडे अशा दिवशी कापलेल्या बैलाचं डोकं मामाचं. मामाने घास घेतल्याशिवाय मांडवात कुणी ताटाला हात लावत नाही. आणि मुलीचा मोठा मामा म्हणजे हेच.

गाडीतच मी बजावलं, "एकच घास घ्यायचा. मग गाडीत येऊन डबा खायचा."

"बरं बाई, बरं."

बोलणी लांबली. दोन वाजून गेले, ह्यांच्या कपाळावर घाम आला. वन्संनी स्वतः ताट आणलं. डोक्याचं चरबीदार मांस, तेलात परतलेला मका, वर रस्सा. बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. ह्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. कुणीतरी ग्लासात लाल सरबत ओतलं, तेही गटागटा प्यायले. चौथ्या घासाला माझं डोकं फिरलं. मी उठले, ताट बाजूला सारलं आणि ह्यांच्यासमोर डबा उघडला.

दुसऱ्याच्या घरी आपला डबा उघडायचा म्हणजे घरधनिणीच्या हंडीत विष आहे असं तिच्या तोंडावर म्हणायचं. मला काय माहीत नव्हतं? इथंच जन्मले मी. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त तो घोटा होता.

आरोळ्या थांबल्या. व्याह्यांनी आपापली ताटं हळूच खाली ठेवली.

"काय गं गोराताच्या आई," वन्सं म्हणाल्या, "माझ्या हंडीत मी काय कालवलंय? सांग ना सगळ्यांना! माझ्या सख्ख्या भावाला मी मारणार होय?"

"तसं नाही हो वन्सं..."

"मग कसं? माझ्या लेकीच्या दिवशी?"

हे दातओठ खात म्हणाले, "बंद कर तो डबा. गाडीत जाऊन बस." आणि ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

मी काय करत होते ते मला कळत होतं. खाली बसले, ह्यांच्या डाव्या पायातला बूट ओढून काढला, मग मोजा. सगळ्या मांडवासमोर.

"जॅक नव्हता पडला," मी म्हणाले. "साखर आहे. आता पाय कापायचा म्हणतात."

ह्यांनी पाय मागे घेतला नाही. हातातला घास तसाच धरून बसले. वन्सं धपकन जमिनीवर बसल्या, तो पाय मांडीवर घेऊन रडायला लागल्या. "अरे ओलेबिले, बहिणीला तरी सांगायचंस रे!" मग डोळे पुसून त्यांनी ह्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं. जेवण तर अडलं होतं, मामाचं ताट असं सारलं गेलं की दुसऱ्या मामाने घास घ्यायलाच हवा. त्यांनी ते ताट धाकट्या भावापुढे नेऊन ठेवलं. पुन्हा आरोळ्या झाल्या, सगळे जेवले. आमच्या ह्यांनी मान खाली घालून डब्यातली भाजी खाल्ली. एकटक माझ्याकडे बघत गोरातानंही तीच खाल्ली.

त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलेनासे झाले. सीटखाली कागद सापडेना. जे वाढेन ते खायचे, ताट धुऊन पालथं घालायचे, आणि काही हवं असलं तर गोराताला सांगायचे, "आईला विचार." एकाच खोलीत मी उभी असायचे! रात्री पाठ माझ्याकडे. ओरडले असते, भांडले असते तर मी चार शब्द परत दिले असते. पण हे असं मुकं ओझं मला झेपत नव्हतं. अकरा दिवस गेले.

बुधवारी दवाखान्यात गेलो. साखर उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून, टोचून बघितला आणि म्हणाल्या, सध्या राहू दे पाय, तीन महिन्यांनी बघू. हे त्यांना "आभारी आहे" म्हणाले आणि बाहेर गेले. मला मात्र बाईंनी थांबवून घेतलं. ह्यांचा रक्तदाब वाढलाय, आजपासून मीठही बंद. तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतात, म्हणाल्या. माझं ऐकतात!

संध्याकाळी मी बिनमिठाची भाजी वाढली. सांगायचं धाडस झालं नव्हतं. ह्यांनी घास तोंडात घातला, थांबले, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. गोराताकडे नाही, माझ्याकडे.

"अगं, मीठ विसरलीस का?"

अकरा दिवसांनी माझ्याशी बोलले होते; मीठ बंद हे उद्या सांगेन म्हटलं. मी उठले, फळीवरून मिठाची बरणी काढली आणि ह्यांच्यासमोर ठेवली.