खारात तगलेली रोपं

दादाच्या घरात एक पत्र्याची ट्रंक होती. त्या वर्षी ती भरून, कुलूप घालून तयार होती. टोमॅटो उभा राहिला तर ठीक, नाहीतर जमीन सोडून लेकाकडे शहरात जायचं, असं दादाने ठरवून टाकलं होतं. बोललेलं कुणी विसरू नये म्हणून त्याने ट्रंक माळ्यावरून काढून दाराशी आणून मांडली. वहिनी येताजाता तिला वळसा घालायची, आणि तरी तिचा अंगठा तिथे ठेचायचाच.

"ही काही ट्रंक नाही, वन्सं," ती मला म्हणाली, "ही सवत आहे."

आज वहिनी नाही, दादाही नाही. पण ते घर, ती रोपांची शेड आणि वहिनीच्या हाताला येणारा टोमॅटोच्या पानांचा हिरवा वास मला अजून जसाच्या तसा आठवतो. वय झालं की माणसाला काल काय जेवलो ते आठवत नाही, पण असले वास कुठे जात नाहीत.

गोष्ट विहिरीपासून सुरू झाली. मी लहान असताना त्या विहिरीचं पाणी इतकं गोड होतं की वाटसरू मुद्दाम थांबून प्यायचे. मग समुद्र जमिनीखालून आत सरकू लागला. वरून काहीच दिसत नव्हतं. आधी डाळ शिजेना, मग साबणाला फेस येईना, आणि शेवटी शेतात वाफ्यांच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटायला लागली. दादाने सगळे उपाय करून पाहिले. टोमॅटोची रोपं वीतभर व्हायची, त्यांच्या पानांच्या कडा करपायच्या आणि रोप मान टाकायचं.

मी तेव्हा शहरात जिवाणूंच्या प्रयोगशाळेत काम करायचे. दादा त्याला माझा किड्यांचा कारखाना म्हणायचा. एकदा विहिरीच्या बांधावर फिरताना मला एक तण दिसलं. बाजूला मिठाने जमीन पांढरी झालेली, आणि हे बेटं जाडजूड पानं मिरवत हिरवंगार उभं. मी ते मुळासकट उपटून रुमालात गुंडाळलं.

"इथे पीक येत नाही म्हणून आम्ही रडतोय, आणि ही तण घरी नेतेय," दादा म्हणाला. "चिमे, तुला आईने लहानपणी नक्की कशावर तरी आपटलं असणार."

त्या तणाच्या मुळाला चिकटून राहणारा एक जिवाणू मी वेगळा केला. त्याची करामत साधी होती. खारट पाणी लागलं की रोप घाबरतं. घाबरलेल्या रोपाच्या मुळात एक वायू तयार होतो आणि तो सगळ्या रोपाला सांगतो, थांबा, वाढू नका. पुष्कळदा रोप मिठाने मरायच्या आधी या भीतीनेच खुरटतं. हा जिवाणू त्या वायूचा कच्चा माल खाऊन टाकायचा. मीठ असायचं तिथेच, पण रोपाचा धीर सुटायचा नाही. प्रयोगशाळेतल्या कुंड्यांमध्ये आम्ही टोमॅटोला सरळ मिठाचं पाणी घातलं, तरी तो ऐटीत उभा राहिला. मग मी वहिनीला शब्द दिला की शेतातलाही टोमॅटो जगेल. कोळशाच्या भुकटीत जिवाणू मिसळून पुडा पाठवला, आणि पुढच्या पेरणीला तिने तो बियाण्याला चोळला.

आणि रोपं मेली.

मी बसमधून उतरून शेडमध्ये गेले तेव्हा ट्रे ओळीने मांडलेले होते आणि त्यांत करपलेल्या काड्या उभ्या होत्या. मधूनच एखादं रोप हिरवं होतं, सगळी मिळून ओंजळभरही नसतील. वहिनी त्यांच्यावर झारीने पाणी घालत होती. दादा दारात टेकून उभा.

"काय म्हणतात तुझे किडे?" तो म्हणाला. "प्रवासात लागलं का त्यांना?"

"अहो, तुम्ही गप्प बसा जरा," वहिनी म्हणाली.

"गप्पच आहे. ट्रंक बोलतेय."

मी जाऊन त्या ट्रंकेवरच बसले. मला वाईट वाटलं, पण हात टेकावेसे वाटले नाहीत. जिवाणू खोटा नव्हता, तो मी डोळ्यांनी काम करताना पाहिला होता. टोमॅटो तोच, मीठ तेच, भुकटीही तशीच. मग कुंडीतल्या आणि या ट्रेतल्या जिवाणूत फरक कुठला? मधे एक वर्ष गेलं होतं. ते वर्ष त्याने आमच्याकडे काढलं होतं.

आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या प्रयोगशाळेची एक रीत होती. जिवाणू जिवंत ठेवायचा तर त्याला जुन्या नळीतून काढून ताज्या खाद्यावर ठेवायचा, ते संपत आलं की पुन्हा ताज्यावर. आमच्या सरांना त्या खाद्याचा भारी अभिमान. मांसाचा अर्क, साखर, आणखी काय काय घालून ते स्वतः रस्सा करायचे आणि म्हणायचे, "आपल्याकडे आलेला उपाशी राहता कामा नये." हा जिवाणू त्या रश्श्यावर असा माजला होता की नळीत तुपासारखी गुळगुळीत साय धरायची. ती पाहून आम्ही सगळे खूश व्हायचो. पिढ्यान् पिढ्या आयतं ताट मिळाल्यावर कडू घास कोण खाईल? रोपाच्या भीतीचा तो कच्चा माल खायचं कसब त्याच्या वंशात हळूहळू सुटत गेलं होतं. आम्ही लाडाने त्याला कामातून घालवला होता.

"दादा, बांधावरचं तण कुठाय?" मी विचारलं.

"जाळलं. जायचंच आहे तर बांध साफ करून जावं म्हटलं."

म्हणजे मूळचा जिवाणू पुन्हा मिळवायचा रस्ता बंद. मी ट्रेकडे पाहिलं. सगळीकडे मेलेलं, आणि मधेच ही चार हिरवी डोकी. ती का जगली? तोच पुडा, तेच पाणी. त्यांच्या मुळाशी ज्याला अजून काम आठवतं असा कुणीतरी असणार. आणि या खारात रोपाच्या मुळाशी त्याचंच फावलं असणार.

"वहिनी," मी म्हणाले, "ही जगलेली रोपं मला दे."

"घेऊन जा की. कुंडीत लावणार?"

"नाही. मुळं धुऊन खलात वाटणार."

वहिनीने झारी खाली ठेवली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. जणू तिच्या कडेवरचं मूल मागितलं होतं मी.

"वन्सं, एवढीच तर उरलीत. ह्यांच्याकडे बघून मी म्हणतेय की अजून सगळं गेलं नाही. एक जरी टोमॅटो धरला तरी मी ह्यांना दाखवू शकते," तिने दादाकडे हनुवटी उडवली. "आणि तुम्ही वाटण करायला निघालात?"

"एका टोमॅटोने ट्रंक रिकामी होणार नाही, वहिनी. ही ठेवलीस तर चार रोपं राहतील. दिलीस तर शेत राहील."

"खात्रीने सांगता?"

"खात्रीने सांगते."

"मागच्या वेळीही असंच सांगितलं होतंत."

"मागच्या वेळी मला जिवाणू माहीत होता. आता बिघडलाय कुठे तेही माहीत आहे."

 वहिनी खाली बसली, बोटांनी माती सैल केली आणि एकेक रोप मुळांना धक्का न लावता काढून ओल्या फडक्यात ठेवलं. शेवटचं काढताना तिने त्याची पानं उगीचच सरळ केली. दादा दारातून बाजूला झाला.

प्रयोगशाळेत मी ती मुळं धुतली, वाटली, आणि त्याचं पाणी काचेच्या बश्यांत पसरलं. या वेळी बशीत सरांचा रस्सा नव्हता. मीठ होतं, आणि रोपाच्या भीतीचा तो कच्चा माल. खायचं तर तेच खा, नाहीतर उपाशी मरा. बऱ्याच बश्या कोऱ्या राहिल्या. काहींत मात्र मळकट, बारीक टिपके उगवले.

सरांनी चष्मा वर करून बशी उजेडात धरली. "अरेरे, किती खंगलेत बिचारे! जरा रस्सा देऊ या का?"

"सर, रश्श्याला हातही लावायचा नाही. ते खंगलेले नाहीत, कष्टाळू आहेत."

सर मोठ्याने हसले. "म्हणजे वर्षभर मी ह्याला जावई करून ठेवला होता म्हण की!" मनाने मोठा माणूस. त्याच दिवशी त्यांनी स्वतः मिठाचं खाद्य ढवळायला घेतलं.

दादाने उशिराच्या पेरणीला होकार दिला, पण ट्रंक जागची हलवू दिली नाही. नवा पुडा घेऊन मी गेले आणि वहिनीला म्हणाले की अर्ध्याच ट्रेंच्या बियाण्याला हे चोळ, अर्धे तसेच राहू दे.

"का? तसेच ठेवलेले मरणार ना?"

"मरतील बहुतेक."

"मग मुद्दाम मारायचे? हे कसलं शास्त्र तुमचं?"

"सगळे जगले तर दादा म्हणेल, यंदा पाणीच बरं होतं."

वहिनी हसायलाच लागली. "हे मात्र खरं. ओळखता भावाला."

त्यानंतर मी मुद्दामच गेले नाही. जाऊन उगीच रोपांच्या डोक्यावर उभं राहण्यात अर्थ नव्हता, आणि मला झोपही छान लागत होती. गेले ती थेट बोलावणं आल्यावर. शेडमध्ये शिरले तर डावीकडे करपलेल्या काड्या आणि उजवीकडे हिरवी, ठेंगणी, जाड खोडाची रोपं. मधोमध रेघ मारल्यासारखं. वहिनी नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सासू-सासरे, नवरा, गाव, सगळ्यांना एकाच वेळी उत्तर द्यावं तशी.

दादा उजवीकडच्या ट्रेजवळ वाकला. एक पान बोटांत धरून कडा चाचपली. मग डावीकडे गेला, परत आला.

"यंदा पाणी जरा बरं आहे," तो म्हणाला.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी अशा हसलो की दादाही शेवटी हसला.

ते टोमॅटो पूर्वीपेक्षा लहान आले, खोटं कशाला सांगू. पण खारात वाढलेलं फळ जास्त गोड लागतं, आणि लोक ते विचारत यायचे. पाणी काही सुधारलं नाही, पुढे बिघडतच गेलं. त्याप्रमाणे आम्हीही जिवाणूला दर वर्षी रोपाच्या मुळाशी, खारट मातीत पाठवायचो आणि तिथून परत आणायचो. सर त्याला सासुरवास म्हणायचे. मी म्हणायचे, माहेरपण. कोण बरोबर, यावर आमचं शेवटपर्यंत पटलं नाही.

शेतावर आता भाचा असतो, शहर सोडून आलेला. मागे मी गेले तेव्हा दाराशी ट्रंक नव्हती. शोधली तर शेडमध्ये सापडली. खाऱ्या हवेने पत्रा गंजून लाल झालेला, आणि उंची अगदी बेताची म्हणून तिच्यावर रोपांचे ट्रे मांडलेले.

"आत्या, हिच्यात काय आहे गं? उघडतच नाही," भाचा म्हणाला.

"तुझ्या आईबाबांचे कपडे असतील," मी सांगितलं. "त्यांनी ते परत बाहेर काढले नाहीत. नवीन शिवले."